डुलत्या घरातली खाट

आमच्या घरात एकच कॉट होती. लोखंडी, हिरव्या रंगाची, आणि तिच्यावर हक्क फक्त आजोबांचा. बाकीच्यांनी रात्री गाद्या घालायच्या आणि सकाळी गुंडाळायच्या. 'कॉट' हा साहेबाचा शब्द, त्यामुळे तिला घरात वजन होतं. आजोळच्या सुंभाच्या बाजेला ते कधी मिळालं नाही. पुढे कधीतरी कोश चाळताना हसू आलं. शब्द आपलाच निघाला. हिंदुस्थानात व्यापाराला आलेल्या इंग्रजांनी सतराव्या शतकात इथली 'खाट' उचलली, तिची 'कॉट' केली, जहाजाच्या तुळयांना टांगली, आणि पुष्कळ काळाने लोखंडी पाय लावून आपल्याकडे परत पाठवली.

ही खाट मधल्या काळात समुद्रावर काय करत होती, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. तो पडला एका मित्रामुळे. निवृत्त झाल्यावर त्याने पस्तीस फुटी, शिडाची जुनी बोट घेतली. मला दाखवायला नेलं तेव्हा शिडं, सुकाणू, इंजिन सगळं सोडून तो आधी थेट नाळेकडे घेऊन गेला. बोटीच्या त्या निमुळत्या टोकात त्रिकोणी खोली, आणि खोलीभर गादी. "घरच्यापेक्षा मोठी आहे," म्हणाला. पहिल्या सफरीत मुंबई सोडून रेवदंड्याच्या पुढे जाईतो रात्र झाली. त्या गादीवरून तो तीनदा छतापर्यंत उडाला. उरलेली रात्र त्याने केबिनच्या जमिनीवर, शिडांच्या दोन पिशव्यांच्या मधल्या फटीत अंग चोरून काढली. आणि पुढचं वाक्य असं, की मी ते लगेच टिपून ठेवलं: "त्या फटीत काय झोप लागली म्हणून सांगू!"

त्या फटीचाच हा मागोवा.

फार जुन्या काळी हा प्रश्न बहुतेकदा किनाऱ्यावरच सुटायचा. भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या जहाजांवर माणसांची इतकी दाटी, की झोपायला आणि रांधायला शक्यतो जमीन गाठायची. उत्तरेच्या व्हायकिंगांना लांबचे पल्ले मारावे लागत. ते कातड्याच्या पिशवीत, एका पिशवीत दोघे, उघड्यावरच निजत. एकमेकांची ऊब, आणि दोघे अडकलेले असल्याने लोळायला वाव नाही. कोलंबसच्या जहाजांवरही फळ्यांचे पलंग होते ते मोजक्या वरच्यांना. खलाशांनी डेकवर जागा मिळेल तिथे पडायचं. पण डेक सपाट नसतं. पाणी वाहून जावं म्हणून ते मधे उंच आणि कडेला उतरतं ठेवतात. त्यातल्या त्यात सपाट जागा म्हणजे मालाच्या कोठाराच्या तोंडावरचं झाकण, आणि त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने गेलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. बोटीत पाय टाकला की आधी वळकटी पसरायची, मग निरोप द्यायला आलेल्यांकडे बघायचं.

ऑक्टोबर 1492 मध्ये बहामाच्या बेटांवर उतरलेल्या कोलंबसच्या लोकांनी तिथल्या घरांत कापसाच्या दोरांची जाळी दोन खांबांना टांगलेली पाहिली. माणसं तिच्यात झोपत होती. ताइनो लोक तिला 'हमाका' म्हणत. स्पॅनिशांनी शब्द तसाच घेतला आणि इंग्रजीत त्याचा 'हॅमॉक' झाला. ताइनो लोकांनी ती टांगली ती ओलसर जमीन आणि किडामुंगी यांच्यापासून वर राहायला. बोट डुलण्याशी तिचा काही संबंध नव्हता. खलाशाला मात्र तिच्यात वेगळंच काही दिसलं.

काय दिसलं ते आपल्याकडच्या कोणत्याही आईला विचारावं. जुन्या साडीची झोळी बांधून मूल आत ठेवलं, की मुलाभोवती कापड सगळीकडून मिटतं. मूल पडत नाही, कारण त्याला पडायला कडच नसते. जहाजावर याच्या जोडीला आणखी एक गंमत घडते. टांगलेली झोळी ओळंब्यासारखी आपली उभी रेघ सोडत नाही. जहाज डावीकडे कललं, उजवीकडे कललं, तरी आतला माणूस जागच्या जागी असतो, जहाजच त्याच्याभोवती झुलतं. फळीवर झोपलेल्याला समुद्र हलवतो. झोळीतल्याच्या वाट्याला समुद्र जवळपास येतच नाही.

इंग्रजांच्या आरमाराने 1597 मध्ये टांगत्या बिछान्यांना रीतसर मंजुरी दिली. त्यानंतर साडेतीनशे वर्षं इंग्रज खलाशी या झोळीत झोपला. दुसऱ्या महायुद्धातही त्यांच्या पुष्कळ युद्धनौकांवर झोळ्याच होत्या. जगात इतकी टिकलेली सरकारी गोष्ट क्वचितच सापडेल.

या टिकण्याचं कारण आरामापेक्षा शिस्तीत होतं. फळ्यांचे पलंग एकदा ठोकले की दिवसभर जागा खातात, आणि युद्धनौकेवर तीच जागा तोफांची असते. झोळी सकाळी सोडायची, आत अंथरूण ठेवून गुंडाळायची, दोरीचे सात वेढे घ्यायचे आणि वर नेऊन द्यायची. गुंडाळी नीट झाली की नाही हे बघायला लोखंडी कडं असे. त्यातून गेली तर ठीक, नाही तर पुन्हा गुंडाळ. वर डेकच्या कडेने जाळ्या लावलेल्या असत, त्यांत या गुंडाळ्या ओळीने खोचत. लढाईत बंदुकीच्या गोळ्या आणि उडणाऱ्या ढलप्या त्यांच्यात अडकत. म्हणजे रात्रीचं अंथरूण दिवसा तटबंदी. आणि खलाशी मेला तर त्याच झोळीत त्याला शिवत, पायाशी तोफेचे गोळे ठेवत, आणि समुद्रात सोडत.

एका झोळीला रुंदीत जागा किती? चौदा इंच. ही वीत-दीड वीत जागा ऐकून अंगावर काटा येतो, पण हिशेबात एक मेख होती. पाळ्या चार-चार तासांच्या. शेजारच्या झोळीतला माणूस दुसऱ्या पाळीचा असेल तर तो वर पहाऱ्यावर गेलेला असतो. चौदाचे अठ्ठावीस होतात. बंदरात सगळे एकदम खाली झोपले की मात्र चौदाच. समुद्रापेक्षा बंदरात झोपायला अडचण, हे या साऱ्या इतिहासातलं एकमेव उदाहरण असावं. पुढे सगळीकडे उलटंच आहे.

आता आपल्या खाटेकडे. झोळीत पाठ कमानीसारखी वाकते. खलाशाने ती वाकवावी, पण अधिकाऱ्याने? त्याच्यासाठी कॉट आली. विल्यम फाल्कनर या स्कॉटिश खलाशी-कवीने 1769 मध्ये जहाजविद्येचा मोठा कोश काढला, त्यात तिचं वर्णन आहे. कॅनव्हासची पेटी शिवायची, सहा फूट लांब, एक फूट खोल, दोन ते तीन फूट रुंद. तळाला लाकडी चौकट बसवायची म्हणजे पाठ सरळ राहील, आणि सगळं तुळयांना टांगायचं. थोडक्यात, खाटेचा सपाटपणा आणि झोळीचा झुलता गुण एकत्र. कॅरिबियन आणि हिंदुस्थान यांची ही सोयरीक इंग्रजांनी जुळवली, आणि नेल्सनसारखा दर्यासारंगही अशाच टांगत्या कॉटमध्ये झोपत असे. कोश प्रसिद्ध झाला त्याच वर्षी फाल्कनर ऑरोरा या जहाजावर नोकरी धरून हिंदुस्थानाकडे निघाला. जहाजाने डिसेंबरात केप टाउन सोडलं आणि ते पुन्हा कोणाला दिसलं नाही. ज्या देशाची खाट त्याने कोशात घातली, तिथे तो पोचला नाही.

कॉट आणि झोळ्या टांगलेल्या जहाजांपैकी काही मुंबईतच बांधलेली. वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजींनी सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे. तिच्या खालच्या मजल्यावर उंच माणसाला मान वाकवून चालावं लागतं. तीनशेच्या आसपास माणसं तिथे कशी टांगलेली असतील, हे त्या तुळयांकडे बघितल्यावर कळतं.

मग हौशी दर्यावर्द्यांनी छोट्या बोटीतही झोळीच का ठेवली नाही? मित्रालाही ती कल्पना सुचली होती. दोन रात्रींत सोडून दिली. झुलणाऱ्या वस्तूला झुलायला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा लागते, आणि छोट्या बोटीत तीच नसते. त्यात मोठ्या जहाजाचं डुलणं संथ, पाळण्यासारखं. छोटी बोट मात्र झटके देते. झोळी त्या झटक्यांना उत्तर देत बसते आणि आतल्या माणसाला कधी कपाटावर तर कधी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटते. शिवाय शिडाची बोट वाऱ्याच्या जोरावर एका कुशीवर कलून तासन् तास तशीच पळते. इथे टांगण्याची कला संपते आणि जखडण्याची सुरू होते.

जोशुआ स्लोकमने 24 एप्रिल 1895 रोजी बॉस्टन सोडलं आणि तीन वर्षांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असं करणारा तो पहिला. त्याची 'स्प्रे' साधारण 37 फुटी. मागच्या केबिनमध्ये त्याने स्वतःपुरता बिछाना बांधून घेतला होता. पण प्रवासातली त्याची सर्वांत गाजलेली रात्र त्या बिछान्यावरची नाही. अझोर बेटांहून निघाल्यावर चीज आणि आलुबुखारे खाऊन पोटात कळा आल्या, तेव्हा तो केबिनच्या जमिनीवरच कोसळला. शुद्धीवर येऊन बघतो तर सुकाणूवर कोणी परका उभा! तापातल्या त्या भासाने आपण कोलंबसच्या 'पिंटा'वरचा सुकाण्या असल्याचं सांगितलं. पुन्हा कोलंबस, आणि पुन्हा जमीन.

छोट्या बोटीतल्या झोपेचं खरं शास्त्र हौशी लोकांनी कामकरी लोकांकडून घेतलं. इंग्लंडच्या ब्रिस्टल खाडीतले अरकाटी, म्हणजे परक्या जहाजाला बंदराची वाट दाखवणारे, आपल्या शिडाच्या बोटी घेऊन दूर समुद्रात गिऱ्हाइकाची वाट बघत थांबत. जहाज दिसलं की कामाला लागायचं, म्हणून तोवर झोप काढणं हा धंद्याचाच भाग. बोटीच्या कुशीत, बसायच्या बाकाच्या वर आणि मागे, भिंतीतल्या कोनाड्यासारखी अरुंद जागा त्यांच्या कामाची. आजही यॉटवर अशा जागेला 'पायलट बर्थ' म्हणतात, आणि नाव तिथूनच पडलं असं मानतात. 'बर्थ' हा शब्दही आधी नांगर टाकायच्या जागेचा होता. नंतर तो खलाशाच्या झोपायच्या जागेला लागला आणि मग आगगाडीत शिरला. वेटिंग लिस्ट बघताना आपण जो शब्द घोकतो त्याला खाऱ्या पाण्याचा वास आहे.

कोनाडा का चांगला? कारण तो खांद्यांना दोन्हीकडून धरतो. समुद्रावरच्या झोपेची रुंदी खांद्याशी बावीस-चोवीस इंच, याहून जास्त मिळाली की माणूस लोळतो. लोळू नये म्हणून झोपेतही स्नायू आवळून धरतो, आणि सकाळी उठतो तो रात्रभर पोती वाहिल्यासारखा. लांबी मात्र साडेसहा फूट हवीच. पाय नाळेकडे ठेवायचे, म्हणजे बोट कशावर आदळून थांबली तर पाय आपटतील, डोकं नव्हे. जागा बोटीच्या मध्याजवळ, किंचित मागे आणि खाली. लाटेवर बोट पुढे-मागे डोलते तेव्हा टोकं सगळ्यात जास्त उडतात आणि मध्य सगळ्यात कमी. एसटीच्या मागच्या बाकावरून खंडाळ्याचा घाट उतरलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको. मित्राची राजेशाही गादी ही त्या एसटीचा मागचा बाक होती, फक्त पुढच्या टोकाला.

अशा काही चांगल्या जागांची नावं अशुभ आहेत. मागच्या बसायच्या खळग्याखाली लांब बोगद्यासारखा बर्थ असतो, कोणी त्याला शवपेटीच म्हणतात. पण वादळात सगळ्यात आधी तोच अडवला जातो. नळीच्या चौकटीवर कॅनव्हास ताणलेला, आगगाडीच्या मधल्या बर्थसारखा टांगता पलंग असतो. त्याची एक बाजू दोरीने वर-खाली करता येते. बोट कलली की दोरी ओढायची, पलंग पुन्हा समतल. इथे खाटेचं रक्त दिसतं.

आणि सगळ्यात साधी, सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे ली-क्लॉथ. गादीखाली, बर्थच्या कडेने, जाड कापडाची पट्टी पक्की बसवायची, आणि वरची दोन टोकं दोरीने छताच्या कड्यांना बांधायची. झोपताना कापड वर ओढलं की बर्थला दीड फुटाची भिंत. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या बर्थवरचा माणूस बोट कलल्यावर खाली गडगडतो, तो या कापडात येऊन अडकतो आणि त्याच्याच पोटात निजतो. साडीची झोळी इथे पुन्हा भेटते, फक्त अर्धी कापलेली. कापड गुडघ्यांपासून खांद्यांपर्यंत पुरे, डोक्यापाशी हवा खेळायला हवी, विशेषतः आपल्या दमट समुद्रात. मात्र चापाच्या बटणांवर विसंबू नये, सगळं वजन त्या कापडावर येतं. वाऱ्याच्या आडच्या बाजूला झोपणारा सुखी. तो भिंतीशी दाबला जातो. पण वारा बदलला, शिडं पलटली, बोटीने कूस बदलली की त्यालाही बदलावी लागते.

मुंबईतच बांधलेल्या एका बोटीने कॅनव्हासची ही पकड एका काळोख्या रात्री अनुभवली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 32 फुटी 'सुहेली' 1964 मध्ये मुंबईत सागवानात घडली, आपल्या सुतारांच्या हातून. याच बोटीतून तो गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी 14 जून 1968 रोजी फाल्मथहून निघाला आणि 312 दिवसांनी, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीला वळसा घालून परतला. असं करणाराही तो पहिलाच. सप्टेंबर 1968 मध्ये दक्षिणेच्या महासागरात तो बर्थमध्ये झोपलेला असताना बोट आडवी झाली. केबिनमधलं सगळं सामान त्याच्या अंगावर आलं, कंदील विझला. उठायला गेला तर उठता येईना, कारण उबेसाठी अंगावर ओढलेल्या कॅनव्हासवर इतकं काही येऊन पडलं होतं की तो कॅनव्हासच त्याला दाबून धरत होता. नंतर पाहिलं तर केबिनचा वरचा भाग आपल्या जागेवरून हलला होता. पुढच्या प्रत्येक लाटेबरोबर तो उडून जाईल की काय, ही धास्ती घेऊनच तो पुढे गेला.

एव्हाना फायबरग्लास आलं होतं. एका साच्यातून बोटीमागून बोटी निघू लागल्या, मध्यमवर्गीयाला परवडू लागल्या, आणि त्या विकायला प्रदर्शनं भरू लागली. इथे झोपेचा घात झाला, असं माझं मत. प्रदर्शनात बोट लाकडी घोड्यांवर ताठ उभी असते. गिऱ्हाईक नवरा-बायको शिडी चढून आत येतात, रुंद पलंगावर पडून बघतात, खूष होतात. 'आठ जणांची सोय' हा आकडा पत्रकावर ठळक छापलेला असतो. तो आकडा बंदराचा. त्याच बोटीत समुद्रावर, वारा चढल्यावर, शांत झोप लागेल अशा जागा बहुधा दोन, नशीब असेल तर तीन. पायलट बर्थचा कोनाडा गेला, त्याजागी कपाटं आली. मागच्या खोलीत मधोमध, तिन्ही बाजूंनी चालता येईल असा पलंग आला, म्हणजे तिन्ही बाजूंनी पडायची सोय. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत 303 बोटी निघाल्या आणि वादळाने 15 स्पर्धकांचा जीव घेतला. तेव्हा ज्यांच्या बोटी उलटल्या त्यांनी बॅटऱ्या, शेगड्या आणि माणसं केबिनमधून उडताना पाहिली. बोटींच्या स्थैर्याची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. पलंगांची फारशी झाली नाही. बोटी बहुतांश वेळ बंदरातच उभ्या असतात, हेही खरंच. तिथे रुंद पलंगाला नावं ठेवणं हा माझ्यासारख्या किनाऱ्यावर बसलेल्याचा शहाणपणा.

अगदी टोकाच्या शर्यतींत मात्र पलंगाने माघार घेतली आहे. वांदे ग्लोबसारख्या एकट्याच्या जगप्रदक्षिणेत पाण्यावरून उडणाऱ्या कार्बनच्या बोटी असतात, आणि त्यांत अनेक दर्यावर्दी झोपतात ते दाण्यांनी भरलेल्या बीनबॅगमध्ये. झोपतात म्हणजे वीसेक मिनिटं, कारण क्षितिजावर दिसणारं मालवाहू जहाज साधारण तेवढ्यात अंगावर येऊ शकतं. पुन्हा पिशवीच. व्हायकिंगांच्या पिशवीत निदान दुसरा माणूस होता.

2018 मध्ये नॉक्स-जॉन्स्टनच्या सफरीला पन्नास वर्षं झाली म्हणून गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरवली. नियम असा की 1968 साली होतं तेवढंच तंत्र वापरायचं. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी 'तुरिया' घेऊन उतरले. ती गोव्यात बांधलेली, 'सुहेली'चीच प्रतिकृती. 21 सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिणेत, ऑस्ट्रेलियापासून सुमारे 1900 सागरी मैलांवर वादळाने बोट उलटवली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. आपल्याला हलता येत नाही, बर्थमध्ये पडून आहोत, एवढे निरोप ते पाठवू शकले. तीन दिवस ते त्या अरुंद फळीवर होते. नौदलाच्या विमानाला वरून मोडकी डोलकाठी घेऊन डोलणारी बोट दिसली, आणि 24 सप्टेंबरला फ्रान्सचं ओसिरिस हे मत्स्य-गस्तीचं जहाज तिथे पोचलं. छोट्या होडीतून माणसं आली, केबिनमध्ये उतरली, आणि त्यांना बर्थमधून उचलून स्ट्रेचरवर बांधलं. दोन दांड्या, मधे ताणलेलं कापड, आणि छातीवरून, कमरेवरून, पायांवरून पट्टे.